लाइफलाइन फोन सवलत: अमेरिकेतल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे कायमचे राहायला आलेले आईवडील, नोकरी गेलेली माणसं, संसार मोडून एकट्या राहू लागलेल्या बायका, तुटपुंज्या पगारावर घर चालवणारी जोडपी. अमेरिकेतल्या आपल्या माणसांत असेही पुष्कळ जण आहेत आणि त्यांच्याविषयी फारसं बोललं जात नाही. फोनच्या बिलावर मिळणाऱ्या सरकारी सवलतीसाठी त्यांना अर्ज भरायला मदत करताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. डॉलरचे आकडे ज्या वर्षाचे आहेत ते वर्ष सोबत लिहिलं आहे, कारण उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी बदलते.

लाइफलाइन ही योजना नेमकी काय आहे?

कमी उत्पन्नाच्या घरांना फोन किंवा इंटरनेटच्या मासिक बिलात सूट देणारी ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची योजना आहे. १९८४ मध्ये एटी अँड टी या अवाढव्य फोन कंपनीचे तुकडे झाले. आता स्थानिक फोनचे दर वाढतील आणि गरिबांच्या घरचे फोन बंद पडतील, अशी भीती तेव्हा होती. त्यावर उपाय म्हणून फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, १९८५ मध्ये लाइफलाइन सुरू केली. रोनाल्ड रेगन तेव्हा अध्यक्ष होते. लोक हिला 'ओबामा फोन' म्हणतात, पण ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा योजनेला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. सुरुवातीला फक्त लँडलाइनला सूट होती. २००५ मधल्या एका निर्णयानंतर प्रीपेड मोबाइल कंपन्यांना यात येता आलं आणि २०१६ च्या आदेशाने इंटरनेटचाही समावेश झाला.

किती पैसे मिळतात? हातात मिळतात का?

हातात काहीच मिळत नाही. सरकार तुमच्या कंपनीला पैसे देतं आणि तेवढी रक्कम तुमच्या बिलातून वजा होते. इंटरनेट किंवा फोन आणि इंटरनेट एकत्र असेल तर महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत, नुसताच बोलण्याचा फोन असेल तर ५.२५ डॉलरपर्यंत. मूळनिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात राहणाऱ्यांना महिन्याला ३४.२५ डॉलरपर्यंत सूट आहे, आणि तिथे नवीन जोडणीच्या खर्चातही १०० डॉलरपर्यंत सवलत मिळू शकते.

नऊ डॉलर म्हणजे काय मोठे, असं कुणी म्हणेल. पण अनेक मोबाइल कंपन्या या रकमेत बसणारा प्लॅन देतात, त्यामुळे ग्राहकाला महिन्याचं बिल येतच नाही. मोबाइल इंटरनेटच्या प्लॅनमध्ये किमान ४.५ जीबी डेटा आणि मोबाइलवर बोलण्याच्या प्लॅनमध्ये किमान १,००० मिनिटं देणं कंपनीला बंधनकारक आहे. सिनेमे पाहायला हा डेटा पुरणार नाही. डॉक्टरची वेळ घेणं, बसचं वेळापत्रक पाहणं, नातवाला मेसेज करणं आणि सांगलीच्या बहिणीशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं एवढ्याला तो नीट पुरतो. भारतात थेट नंबर फिरवून बोलणं मात्र बहुतेक प्लॅनमध्ये धरलेलं नसतं.

मोबाइल हँडसेट फुकट मिळतो का?

योजनेचा पैसा हँडसेटसाठी नाही. काही कंपन्या ग्राहक मिळावेत म्हणून स्वतःच्या खर्चाने साधा स्मार्टफोन देतात, पण तो तुमचा हक्क नाही. तुमचा जुना फोन चालत असेल तर फक्त सिमकार्ड मागा.

हा पैसा येतो कुठून?

युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून. फोन कंपन्यांनी आपल्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय सेवेच्या महसुलातला ठरावीक हिस्सा या फंडात भरायचा असतो, आणि बहुतेक कंपन्या तो ग्राहकांकडून वसूल करतात. तुमच्या किंवा मुलाच्या बिलावर 'युनिव्हर्सल सर्व्हिस' अशी एक ओळ दिसेल, ती हीच. हा फंड घटनाबाह्य आहे असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी फंड वैध ठरवला. योजनेचं रोजचं काम युसॅक ही बिगर-नफा संस्था एफसीसीच्या देखरेखीखाली पाहते.

पात्र कोण?

दोन वाटा आहेत. त्यातली एक पुरेशी आहे.

पहिली वाट योजनेची. तुम्ही, तुमच्यावर अवलंबून असलेलं कुणी किंवा तुमच्या घरातलं कुणी पुढीलपैकी एखाद्या योजनेत असेल तर तुम्ही पात्र: स्नॅप (अन्नासाठीची मदत, जुनं नाव फूड स्टॅम्प), मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा), सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम म्हणजे एसएसआय (गरीब ज्येष्ठांना आणि अपंगांना मिळणारी रोख मदत), केंद्र सरकारची घरभाडे-मदत (यात सेक्शन ८ चं व्हाउचरही येतं), आणि माजी सैनिकांची किंवा त्यांच्या मागे राहिलेल्यांची गरजेवर आधारित पेन्शन. राखीव प्रदेशातल्या रहिवाशांसाठी आणखी काही योजना या यादीत आहेत.

दुसरी वाट उत्पन्नाची. संपूर्ण घराचं वार्षिक उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्के किंवा त्याहून कमी असावं लागतं. २०२५ च्या रेषेनुसार ही मर्यादा एकट्या माणसाला सुमारे २१,१२८ डॉलर, दोघांच्या घराला २८,५५३, तिघांना ३५,९७८ आणि चौघांना ४३,४०३ डॉलर होती. पुढच्या प्रत्येक माणसामागे ७,४२५ डॉलर वाढवायचे. अलास्का आणि हवाईची मर्यादा याहून जास्त आहे. नवी रेषा दर जानेवारीच्या सुमारास जाहीर होते, म्हणून अर्ज करताना त्या वर्षाचा आकडा पाहा. उत्पन्न म्हणजे कर कापण्याआधीचं, घरातल्या सगळ्यांचं मिळून.

पहिली वाट खुली असेल तर तिनेच जा. स्नॅप किंवा मेडिकेडची नोंद बऱ्याचदा संगणकच पडताळतो आणि कागद लावावेच लागत नाहीत.

माझ्याकडे मेडिकेअर आहे. मग मी पात्र आहे ना?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेडिकेअर हा मुख्यतः ६५ वर्षांवरच्या लोकांचा आरोग्य विमा आहे आणि त्याचा गरिबीशी संबंध नाही. लाइफलाइनच्या यादीत आहे ते मेडिकेड, कमी उत्पन्नाच्या लोकांचं. अनेक ज्येष्ठांकडे दोन्ही असतात. तसं असेल तर अर्जात मेडिकेड निवडायचं आणि मेडिकेडचाच कागद जोडायचा. मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं कार्ड जोडलं की अर्ज परत येतो.

मेडिकेडला प्रत्येक राज्यात वेगळं नाव असतं. कॅलिफोर्नियात मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ. न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर आहे, पण तिथे एक मेख आहे: फॅमिलीकेअर या एकाच नावाखाली मेडिकेडही येतं आणि मुलांच्या आरोग्य विम्याची चिप ही वेगळी योजनाही येते. चिप लाइफलाइनच्या यादीत नाही. एडिसन, इझलिन, जर्सी सिटी भागातल्या घरांनी कार्डावरच्या नावावर विसंबू नये. मंजुरीच्या पत्रात कुठली योजना लिहिली आहे ते वाचून घ्यावं. ओबामाकेअरच्या बाजारातून अनुदानावर घेतलेला खासगी विमा म्हणजेही मेडिकेड नव्हे.

असाच घोळ सोशल सिक्युरिटीचा. निवृत्तीनंतर दरमहा येणारी सोशल सिक्युरिटी आणि अपंगत्वामुळे मिळणारी एसएसडीआय, या दोन्हींवरून थेट पात्रता मिळत नाही. एसएसआयवरून मिळते. तिघांचे कागद एकाच सरकारी कार्यालयातून येतात आणि दिसायलाही सारखेच, म्हणून पत्रावरचं पूर्ण नाव वाचा. निवृत्तीची सोशल सिक्युरिटी फार थोडी असेल तर उत्पन्नाच्या वाटेने जाता येतं, आणि तेव्हा हेच पत्र उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालतं.

आम्ही दोघं मुलाकडे राहतो. त्याचा पगार चांगला आहे. आमचा अर्ज होईल का?

याचं उत्तर तुम्ही कुठल्या वाटेने येता त्यावर आहे, आणि हे न कळल्यामुळे पात्र माणसं अर्जच करत नाहीत.

आधी घर म्हणजे कोण ते पाहू. एका पत्त्यावर राहणारी आणि उत्पन्न व खर्च वाटून घेणारी सगळी माणसं मिळून एक घर होतं. आपल्याकडे रेशनकार्डाच्या वेळी 'चूल एक की वेगळी' असं विचारतात, विचार साधारण तोच. मुलगा वाणसामान भरतो, वीजबिल भरतो, तुम्ही नातवंडं सांभाळता, सगळे एकत्र जेवता. म्हणजे तुम्ही एकच घर आहात.

आता वडिलांकडे त्यांच्या स्वतःच्या नावावर मेडिकेड किंवा एसएसआय असेल, तर वडील पात्र आहेत. या वाटेने आलेल्या अर्जात मुलाचा पगार विचारला जात नाही, कारण गरजेची तपासणी त्या मूळ योजनेने आधीच केलेली असते. पण उत्पन्नाच्या वाटेने आलात तर मुलाचा पगार धरावाच लागेल आणि अर्ज बसणार नाही.

दुसरी गोष्ट, घरात सवलत एकच. आईला एक आणि वडिलांना एक असं होत नाही. सून किंवा मुलगा आधीच लाइफलाइनवर असेल तरीही दुसरी मिळणार नाही.

मग आमचा खर्च वेगळा आहे असं लिहून दिलं तर?

खरोखर वेगळा असेल तर जरूर लिहा. एका पत्त्यावर दोन घरं असू शकतात, म्हणूनच तर 'हाउसहोल्ड वर्कशीट' नावाचा कागद भरून घेतात. भाड्याच्या घरातले चार रूममेट, तळघरात स्वतंत्र राहणारे भाडेकरू, वृद्धाश्रमातले किंवा आधारगृहातले रहिवासी, हे सगळे एका पत्त्यावर असून वेगळी घरं ठरतात.

पण खर्च एक असताना वेगळा दाखवू नका. अर्जावरची सही खोटं लिहिल्यास शिक्षा मान्य असल्याची असते. खोटी माहिती दिल्यास दंड, तुरुंगवास किंवा योजनेतून कायमची हकालपट्टी होऊ शकते. ग्रीन कार्डावर असलेल्या आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करणार असलेल्या माणसाने महिन्याच्या नऊ डॉलरसाठी सरकारी कागदावर खोटं लिहिणं मला अतिशय चुकीचं वाटतं. 'सगळेच करतात' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

नागरिक असणं आवश्यक आहे का? ग्रीन कार्डवाल्यांना मिळते का?

वर सांगितलेल्या पात्रतेच्या दोन वाटांत नागरिकत्व हा निकष नाही. अर्जात नाव, जन्मतारीख, राहता पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. राखीव प्रदेशातल्या रहिवाशाकडे तो क्रमांक नसेल तर जमातीचा ओळख क्रमांक चालतो. एफसीसी या नियमांत वेळोवेळी बदल करते, म्हणून चालू अर्जावरचे प्रश्न नीट वाचून मगच भरा.

खरी अडचण एक पायरी आधी येते. स्नॅप आणि मेडिकेड या योजनांचे इमिग्रेशनचे नियम कडक आहेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर बहुतेक प्रौढांना साधारण पाच वर्षं या योजनांत घेतलं जात नाही. काही राज्यांत मुलं आणि गरोदर बायकांसाठी सूट आहे. शिवाय मुलाने आईवडिलांना बोलावताना आधाराचं प्रतिज्ञापत्र भरलेलं असतं, त्यामुळे काही योजनांत त्याचं उत्पन्न आईवडिलांचंच धरलं जातं. म्हणजे नुकत्याच आलेल्या आईवडिलांना योजनेची वाट सहसा बंद असते आणि मुलासोबत राहत असतील तर उत्पन्नाचीही.

सरकारी सवलत घेतल्यावर 'पब्लिक चार्ज' म्हणून ग्रीन कार्ड अडणार नाही ना?

पब्लिक चार्ज म्हणजे पुढे सरकारी मदतीवरच अवलंबून राहील असा माणूस. ते ठरवताना २०२२ च्या नियमात दोनच गोष्टी मोजल्या आहेत: निर्वाहासाठी मिळणारी रोख मदत, जशी एसएसआय, आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं. फोनबिलातली सूट यात बसत नाही. पण पब्लिक चार्जचे नियम २०१९ मध्ये बदलले, २०२२ मध्ये पुन्हा बदलले, आणि हा विषय राजकारणात कायम तापलेला असतो. ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून प्रलंबित आहे त्यांनी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही योजनेचा अर्ज करू नये. ओळखीच्या काकांना विचारू नका, वकिलालाच विचारा.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना मिळेल का?

नाही. पाहुणे म्हणून आलेल्यांसाठी ही योजना नाही. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांकही नसतो. त्यांना प्रीपेड सिम घेऊन द्या.

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याचं उत्पन्न तर मर्यादेच्या खूपच खाली असतं. तो पात्र नाही का?

आकड्यांत तो बसू शकतो. पण व्हिसा घेताना शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च भागवण्याइतके पैसे आहेत हे त्याने दाखवलेलं असतं. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आधी विचारावं, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. बाजाराबाहेर मांडव टाकून बसलेला फोन कंपनीचा माणूस 'होऊन जाईल' म्हणाला, एवढ्यावर सही करू नये.

मुलांना मेडिकेड आहे, आम्हा नवराबायकोला नाही. चालेल?

चालेल. तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलाचं मेडिकेड पुरेसं आहे. अर्ज मोठ्या माणसाने स्वतःच्या नावाने करायचा आणि पात्रता मुलामुळे आहे हे अर्जातल्या त्या रकान्यात भरायचं, मुलाचं नाव आणि जन्मतारीख देऊन. चिप नाही, मेडिकेडच आहे, याची आधी खात्री करा.

कागद कोणते लागतात?

संगणकाने पडताळणी झाली तर एकही नाही. नाहीतर योजनेच्या वाटेसाठी मंजुरीचं पत्र किंवा लाभाचं विवरणपत्र. त्यावर तुमचं नाव, योजनेचं नाव आणि ते देणाऱ्या सरकारी कार्यालयाचं नाव दिसायला हवं, आणि तारीख गेल्या १२ महिन्यांतली हवी. उत्पन्नाच्या वाटेसाठी गेल्या वर्षीचं करविवरण सर्वांत सोपं. ते नसेल तर लागोपाठ तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सोशल सिक्युरिटीचं किंवा पेन्शनचं विवरण, बेकारी भत्त्याचं पत्र. एकाच महिन्याची पावती जोडून काम होत नाही.

फोटो काढताना कागदाचे चारही कोपरे दिसू द्या. अर्धवट, अंधुक फोटोमुळे परत आलेले अर्ज फार असतात, आणि वयस्कर माणसाला वाटतं की आपण पात्रच नाही. ते पुन्हा प्रयत्न करत नाहीत.

नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकला. का?

आपल्या नावांमुळे. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टमध्ये ते पहिल्या नावाच्या रकान्यात घातलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर पहिलं आणि मधलं नाव एकत्र, मेडिकेडच्या कागदावर मधलं नाव गायब. बायकांच्या बाबतीत आणखी एक: जुन्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदललं जायचं. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, असं झालं की संगणकाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तेच.

अर्जात नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत आहे अगदी तसंच लिहा, तुम्हाला ते कितीही विचित्र वाटलं तरी. जन्मतारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस. पाच ऑगस्टचा आठ मे झालेला मी अनेक अर्जांत पाहिला आहे. आणि शाळेत घालताना लावलेली तारीख व खरी तारीख वेगळी असेल, तर पासपोर्टवर जी आहे तीच सगळीकडे चालवा. तरीही अडलं तर अर्ज सोडून देऊ नका. ओळखपत्राची प्रत मागितली जाते, ती पाठवली की तपासणारा माणूस डोळ्यांनी पाहून निर्णय देतो.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

बहुतेक राज्यांत 'नॅशनल व्हेरिफायर' नावाच्या यंत्रणेकडे. लाइफलाइनसपोर्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, छापील अर्ज टपालाने पाठवता येतो किंवा योजनेत असलेल्या कंपनीमार्फत करता येतो. मदतीचा फोन १-८००-२३४-९४७३. पात्र ठरल्यावर ९० दिवसांच्या आत कंपनी निवडून सेवा सुरू करून घ्यायची. मुदत गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

कॅलिफोर्निया, टेक्सास आणि ओरेगॉन या राज्यांची व्यवस्था इतरांपेक्षा वेगळी राहिली आहे, तिथल्यांनी आधी राज्याच्या युटिलिटी कमिशनच्या संकेतस्थळावर पाहावं. कॅलिफोर्नियात राज्य सरकार स्वतःची भरही घालतं, म्हणून बे एरियातल्या घरांना मिळणारी एकूण सूट इतरांहून मोठी असते.

बाजाराबाहेर मांडव टाकून 'फुकट फोन' देणारे खरे असतात का?

काही खरे असतात. कंपन्यांचे प्रतिनिधी असेच नोंदणी करतात. त्यांनी युसॅककडे स्वतःची नोंद केलेली असावी लागते. त्यांना दर अर्जामागे कमिशन देण्यावर एफसीसीने बंदी घातली, कारण पूर्वी कमिशनच्या लोभाने अपात्रांचे, अगदी मेलेल्या माणसांच्या नावाचेही अर्ज भरले जायचे. अर्जाला पैसे लागत नाहीत. कुणी 'प्रोसेसिंग'चे दहा डॉलर मागितले तर उठून चालू लागा. स्नॅपच्या कार्डाचा पिन कुणालाही सांगू नका. तो सांगितला की दुसऱ्या दिवशी कार्ड रिकामं झालेलं असू शकतं. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर मांडवात सही करूच नका. कागद घरी आणा, मुलाला, शेजारणीला, गावातल्या ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याला दाखवा. ग्रंथालयातली माणसं या कामात मनापासून मदत करतात.

पूर्वी महिन्याला तीस डॉलर मिळायचे, ते कुठे गेले?

ती वेगळी योजना होती, अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम. तिची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या २०० टक्के होती आणि दोन कोटींहून अधिक घरं तिच्यात होती. संसदेने नवा निधी दिला नाही, आणि १ जून २०२४ ला ती संपली. त्यातली अनेक घरं लाइफलाइनलाही पात्र आहेत, पण लाइफलाइनमध्ये ती आपोआप जात नाहीत. वेगळा अर्ज करावा लागतो. तीस डॉलर गेले म्हणून हताश होऊन बसलेल्या घरांनी निदान हे नऊ तरी सोडू नयेत.

दरवर्षी पुन्हा अर्ज करायचा का?

पुनर्तपासणी दरवर्षी होते. संगणकाला तुमची योजना अजून चालू आहे असं दिसलं तर काही करावं लागत नाही. नाहीतर पत्र येतं आणि उत्तर द्यायला ६० दिवस मिळतात. उत्तर नाही गेलं तर सूट बंद. मधेच उत्पन्न वाढलं किंवा मेडिकेड बंद झालं आणि तुम्ही अपात्र झालात, तर ३० दिवसांत कंपनीला कळवणं तुमचं काम आहे. पत्ता बदलला तरी तेच.

हिवाळ्यात आम्ही चार महिने पुण्याला जातो. फोन बंद पडेल का?

बहुधा पडेल. ज्या सेवेला दरमहा बिल येत नाही तिच्यासाठी नियम असा की ३० दिवसांत एकदा तरी फोन वापरलेला असावा: कॉल करणं, आलेला कॉल घेणं, मेसेज पाठवणं, डेटा वापरणं. नाही वापरला तर १५ दिवसांची सूचना येते आणि तरीही वापर झाला नाही तर सेवा जाते. सोबत नंबरही जाऊ शकतो. ज्या नंबरवर बँकेचे आणि डॉक्टरचे निरोप येतात तो नंबर असा गमावू नका. जाण्याआधी कंपनीशी बोला. मुलाने घरी फोन चालू ठेवून आजोबांच्या नावाने वापर दाखवत राहणं हा मार्ग नाही, कारण सवलत ज्याच्या नावावर आहे त्याच्याच वापरासाठी असते. आणि हेही लक्षात ठेवा की मेडिकेडसारख्या योजनांना त्या राज्यात तुमचं राहतं घर असणं आवश्यक असतं. लांबच्या मुक्कामाआधी तिथेही विचारून घ्यावं. भारतात कायमचे परतणार असाल तर सूट स्वतःहून बंद करून जा.

नवऱ्याच्या नावावरच्या फोनवर मी आहे. घर सोडलं तर फोनही जाईल, ही भीती आहे.

हा प्रश्न बायका कुजबुजत विचारतात आणि त्याचं उत्तर प्रत्येकीला माहीत असायला हवं.

सेफ कनेक्शन्स अ‍ॅक्ट या डिसेंबर २०२२ च्या कायद्याने, घरात हिंसा सोसणाऱ्या व्यक्तीला कुटुंबाच्या प्लॅनमधून आपला आणि आपल्या ताब्यातल्या मुलांचा नंबर वेगळा काढून मागता येतो. हिंसेचा ठरलेल्या प्रकारचा पुरावा, जसं पोलिसांचा अहवाल किंवा डॉक्टर, समुपदेशक, आधारगृह यांचं सहीचं पत्र, सोबत दिला की कंपनीने दोन कामकाजाच्या दिवसांत तो वेगळा करायचा असतो. त्यासाठी दंड लावता येत नाही, आणि खातं ज्याच्या नावावर आहे त्याची परवानगी लागत नाही. नंबर तुमचाच राहतो.

अशा व्यक्तीची आर्थिक ओढाताण असेल तर लाइफलाइनची तातडीची मदत सहा महिन्यांपर्यंत मिळते आणि तिचे निकष सैल आहेत. उत्पन्नाची मर्यादा १३५ ऐवजी २०० टक्के, म्हणजे २०२५ च्या रेषेनुसार एकटीला ३१,३०० डॉलर. विक ही आई-बाळाच्या आहाराची योजना, मुलांचं शाळेतलं मोफत किंवा सवलतीचं जेवण, किंवा पेल ग्रँट ही कॉलेजच्या शिक्षणासाठीची सरकारी मदत, यावरूनही पात्रता मिळते. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या निकषांत बसत असाल तर सवलत पुढे चालू राहू शकते.

देशभराची हिंसाचार-विरोधी हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ आहे, दिवसरात्र. न्यू जर्सीतली मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. नवरा फोन तपासत असेल तर हा अर्ज त्याच फोनवरून करू नका.

मुलाच्या घरात राहून सरकारचं कशाला घ्यायचं? लाज वाटते.

असं म्हणणारे आजीआजोबा फार आहेत आणि त्यांचा स्वाभिमान मला कळतो. पण मुलाच्या प्लॅनवर असणं वेगळं आणि स्वतःच्या नावाचा फोन असणं वेगळं. डॉक्टरशी स्वतः बोलता येतं, मैत्रिणीला मनातलं सांगता येतं, सून ऑफिसात असताना औषधाच्या दुकानात फोन करता येतो. एकट्या राहणाऱ्या विधवेसाठी तर फोन म्हणजे पडल्यावर हाक मारण्याचं साधन आहे. ज्या फंडातून ही सूट येते त्यात तुमच्या घराच्या बिलातूनही दर महिन्याला पैसे जातात. पात्र असाल तर संकोच न करता घ्या.

भारतात अशी योजना आहे का? गावाकडून 'सरकारचं मोफत रिचार्ज' असे मेसेज येतात.

गरीब घराच्या मासिक बिलात थेट सूट, अशी लाइफलाइनसारखी केंद्रीय योजना भारतात नाही. तिथेही फंड आहे: २००२ मध्ये सुरू झालेला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड, ज्यात कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचे पाच टक्के भरतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. पण तो पैसा मुख्यतः दुर्गम भागात टॉवर उभे करायला आणि ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायला जातो, ग्राहकाच्या बिलात नाही. सरकार सर्वांना मोफत रिचार्ज देत असल्याचे मेसेज खोटे असल्याचं पीआयबी या भारत सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने वारंवार सांगितलं आहे. आईवडिलांना त्या लिंकवर बोट लावू नका म्हणून सांगा.

कंपनी आवडली नाही तर बदलता येते का?

येते. नव्या कंपनीकडे जा, सवलत तिकडे हलवायला संमती द्या. जुनी सूट तिथे बंद होऊन इथे सुरू होते, पात्रता नव्याने सिद्ध करावी लागेलच असं नाही. मात्र तुमची संमती न घेता कुणी सवलत हलवली, अचानक फोन बंद पडला आणि दुसऱ्याच कंपनीचं सिम टपालाने आलं, तर वर दिलेल्या मदतीच्या नंबरवर लगेच फोन करा आणि एफसीसीकडे तक्रार नोंदवा. तक्रारीला पैसे लागत नाहीत.